चित्र खरं, मथळा खोटा : वर्गात इंटरनेट कसं शिकवावं

आजचा विषय शिक्षकांसाठी आहे, पण ज्यांच्या घरात शाळेत जाणारी नातवंडं आहेत त्या आजी-आजोबांनीही तो ऐकावा. विषय असा की वर्गात इंटरनेट आलं, आता ते मुलांना वापरायला शिकवायचं कसं?

स्मार्ट बोर्ड आले, निदान मोठ्या पडद्याचा टीव्ही तरी आला. गृहपाठात 'इंटरनेटवरून माहिती मिळवा' ही ओळही आली. मुलं काय करतात? प्रश्न जसाच्या तसा टाइप करतात आणि जे पहिलं उत्तर दिसेल ते वहीत उतरवतात. चाळीस वह्यांत एकच परिच्छेद, आणि त्यातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा एकच. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. शब्दकोश कसा पाहायचा, नकाशातली सूची कशी वाचायची, हे शाळेनं आपल्याला शिकवलं. नेट कसं वाचायचं हे मात्र या मुलांना कुणी शिकवलंच नाही. बोटं झरझर चालतात, म्हणजे नेट वाचता येतं, असं आपण धरून चाललो.

शिक्षक म्हणतात, अभ्यासक्रम पुरा करायलाच वेळ नाही, हे कधी शिकवू? म्हणून मी एकच सवय सुचवणार आहे. समोर आलेली गोष्ट नक्कल आहे असं धरायचं आणि तिचं मूळ गाठायचं. ही एक सवय लागली तर बाकीचं बरंचसं आपोआप जमतं. ती कशी लावायची ते एका उदाहरणावरून पाहू.

दिवाळीच्या रात्रीचा भारत

हे चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा आकार, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके. खाली लिहिलेलं असतं : 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत, नासाचं छायाचित्र.' दर दिवाळीला ते कुटुंबाच्या ग्रुपवर येतं. आपल्यालाही अभिमान वाटतो आणि आपण पुढे पाठवतो.

हे चित्र सहावी ते नववीच्या कुठल्याही वर्गात पडद्यावर लावा. खरं की खोटं हे लगेच विचारू नका. आधी विचारा, 'तुम्हाला काय काय दिसतं?' मुलं रंग सांगतील. मग विचारा, 'पणत्यांचा उजेड कुठल्या रंगाचा असतो?' पिवळा. 'मग हिरवा आणि निळा कुठून आला?' कुणीतरी म्हणेल, लायटिंगच्या माळा. ठीक आहे. मग पुढचा प्रश्न : 'नकाशात रंग असले की सोबत काय असतं?' भूगोलाचा तास नीट झालेला असेल तर उत्तर येतं : सूची. या चित्राची सूची कुठे आहे? नाही. कोणी काढलं, कोणत्या तारखेला, कोणत्या उपग्रहानं? तेही नाही. इथे मुलं पहिल्यांदा थांबतात. धड्याचा अर्धा भाग इथेच झाला.

आता मूळ शोधायचं. गूगल लेन्ससारख्या साधनात चित्र टाकलं की तेच चित्र आणखी कुठे कुठे आहे ते दिसतं. शेकडो पानं येतील आणि बहुतेकांवर तोच खोटा मथळा असेल. मुलं म्हणतील, 'सर, इतक्या ठिकाणी आहे, म्हणजे खरंच असणार.' हा क्षण सोडू नका. शंभर ठिकाणी एकच वाक्य असेल तर ते शंभर साक्षीदार नव्हेत. एकाचंच बोलणं शंभर जणांनी उतरवून घेतलेलं आहे. चित्र नासाचं म्हणतात ना? मग नासाकडेच जाऊ. इंग्रजीत 'नासा', 'दिवाळी' आणि 'सॅटेलाइट' हे तीन शब्द टाकून शोधलं की नासाच्या 'अर्थ ऑब्झर्व्हेटरी'नं २०१२ साली दिलेला खुलासा सापडतो.

त्यात काय आहे? हे रंगीत चित्र अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान व समुद्रविषयक संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये तयार केलं. अमेरिकेच्या लष्करी हवामान उपग्रहांनी वेगवेगळ्या वर्षी टिपलेली माहिती त्यांनी एकावर एक ठेवली. लोकसंख्या आणि वस्ती कशी वाढत गेली ते त्यांना दाखवायचं होतं. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे. १९९२ मध्ये नव्यानं दिसलेले निळे, १९९८ मधले हिरवे आणि २००३ मधले लाल. ही झाली हरवलेली सूची. दिवाळीचा या चित्राशी काही संबंध नाही.

मग दिवाळीत भारत दिसतो कसा? नासानं त्याच वेळी १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री, 'सुओमी एनपीपी' या उपग्रहानं घेतलेलं चित्रही दिलं. ते इतर कुठल्याही रात्रीसारखंच आहे. शहरांचे नेहमीचे दिवे इतके प्रखर असतात की त्यात पणत्यांच्या आणि फटाक्यांच्या उजेडाची भर अवकाशातून जवळपास कळतच नाही.

मुलं थोडी हिरमुसतात. पण धडा इथे संपवू नका, कारण खरी मजा आता आहे. ते रंगीत चित्र पुन्हा लावा आणि सूची हातात घेऊन वाचायला सांगा. आपल्या राज्यात पांढरं कुठे आहे? लाल कुठे आहे? म्हणजे दिवे आधी कुठे पोचले आणि नंतर कुठे? महामार्गांच्या आणि मोठ्या शहरांच्या कडेनं काय दिसतं? खोट्या मथळ्यात 'वा, किती सुंदर' एवढंच होतं. खऱ्या मथळ्यात विजेचा, शहरांचा, वस्तीच्या वाढीचा अख्खा धडा आहे. मूळ गाठलं की माहिती कमी होत नाही, उलट वाढते, हे मुलांना इथे स्वतः अनुभवायला मिळतं. त्यानंतर नासाचं 'वर्ल्डव्ह्यू' किंवा इस्रोचं 'भुवन' उघडून दाखवा. वर्ल्डव्ह्यूवर तारीख टाकून उपग्रहचित्रं मोफत पाहता येतात. मग पुढच्या दिवाळीला कुणाच्या फॉरवर्डची वाट पाहायला नको.

हा खेळ जिवावर बेततो

कुणी म्हणेल, दिवाळीच्या चित्रानं कुणाचं काय बिघडलं? बरोबर आहे, कुणाचं काही बिघडलं नाही. पण नेमकी हीच युक्ती, चित्र खरं आणि मथळा खोटा, दुसरीकडे काय करून गेली ते पाहा.

पाकिस्तानात कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेविषयी जनजागृतीसाठी एक छोटी फिल्म केली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. शेवटी ते मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात : मूल पळवायला असा एक क्षण पुरतो. कुणीतरी शेवटचा भाग कापला. उरलेली फिल्म 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असा मजकूर जोडून २०१८ मध्ये भारतात मोबाइलवरून फिरली. त्या वर्षी अशा अनेक अफवा अनेक राज्यांत पसरल्या आणि निरपराध माणसं जमावाच्या हाती मारली गेली.

महाराष्ट्रात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुलं पळवणारे आलेत, ही अफवा त्यांच्या आधी गावात पोचली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण मर्यादा म्हणजे फक्त अडसर. पाठवणाऱ्याच्या मनात 'हे मूळ कुठलं?' हा प्रश्न उभा राहणं, हा खरा इलाज. आणि तो प्रश्न वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी रुजवणं सोपं असतं.

केरळातल्या कन्नूर जिल्ह्यानं हे ओळखलं. तिथे गोवर-रुबेला लसीविषयी व्हॉट्सॲपवर अफवा फिरल्या आणि काही पालक मुलांना लस द्यायला नकार देऊ लागले. जिल्हा प्रशासनानं २०१८ मध्ये 'सत्यमेव जयते' नावाचा उपक्रम काढून सुमारे १५० सरकारी शाळांत खोटी बातमी कशी ओळखायची याचे वर्ग घेतले. मुलांना शिकवलं की ती घरी जाऊन आईवडिलांना प्रश्न विचारतात, हा त्यामागचा हिशेब होता. एक तासिका काढून हे होऊ शकतं, याचं हे आपल्याच देशातलं उदाहरण आहे.

पानावरून बाहेर पडायला शिका

आता पद्धतीकडे येऊ. आपण मुलांना सांगतो, 'लक्षपूर्वक वाचा.' पुस्तकासाठी हा सल्ला उत्तम. अनोळखी वेबसाइटसाठी तो अपुरा पडतो, कारण वेबसाइट छान दिसेल, भाषा सफाईदार असेल, 'आमच्याविषयी' या पानावर मोठी नावं असतील, आणि तरीही ती फसवी असू शकते.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये यावर एक अभ्यास मांडला. त्यांनी ४५ जणांना काही वेबसाइट तपासायला दिल्या. त्यात १० इतिहासाचे डॉक्टरेट झालेले अभ्यासक, १० बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक आणि २५ स्टॅनफर्डचे विद्यार्थी होते. एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची पानं समोर ठेवली होती. एक १९३० साली स्थापन झालेली मोठी, मान्यवर संस्था. दुसरी तिच्यातून फुटून निघालेली, विशिष्ट मतांचा प्रचार करणारी छोटी संस्था. नावं मिळतीजुळती आणि पानं दोन्ही देखणी. व्यावसायिक तपासनीसांनी सगळ्यांनी बरोबर ओळखलं. बहुसंख्य विद्यार्थ्यांना मात्र छोट्या संस्थेचं पानच जास्त विश्वासार्ह वाटलं.

फरक कुठे पडला? विद्यार्थी त्याच पानावर खालीवर फिरत बसले. तपासनीस काही क्षणांत त्या पानावरून बाहेर पडले, नवी टॅब उघडली आणि 'या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात' ते पाहिलं. हेच आपण व्यवहारात करतो. मुलीसाठी स्थळ आलं की नवऱ्या मुलाचा बायोडाटा दहादा वाचत नाही, शेजारीपाजारी चौकशी करतो.

सैन्यात खबर तपासण्याची जी रीत आहे तीही मुलांना चटकन कळते. ब्रिटिश नौदलाच्या काळापासून चालत आलेल्या या पद्धतीत प्रत्येक खबरीला दोन वेगळे शेरे देतात. खबर देणारा किती भरवशाचा, त्याला 'ए' ते 'एफ' अक्षर. खबर स्वतः किती पटण्यासारखी, इतर ठिकाणांहून तिला दुजोरा आहे का, त्याला १ ते ६ आकडा. दोन्ही शेरे वेगळे ठेवायचं कारण असं की भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो आणि बेभरवशाचा माणूसही कधी खरं बोलतो. वर्गात हे असं मांडा : काका चांगले आहेत, पण काकांनी पाठवलेला फॉरवर्ड काकांचा नाही. काकांना 'ए' द्या, फॉरवर्डला ६ द्या. मुलं हसतात, पण फरक लक्षात ठेवतात. शिवाय घरातल्या मोठ्यांचा अपमान न करता शंका कशी घ्यायची तेही त्यांना कळतं.

शोधायचं कसं

प्रश्न जसाच्या तसा टाइप करण्याऐवजी त्यातले कामाचे शब्द निवडायला शिकवा. 'मला नर्मदा नदीवरील धरणांविषयी माहिती हवी आहे' यातले कामाचे शब्द दोनच : नर्मदा, धरणं. एखादं वाक्य तंतोतंत हवं असेल तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत टाकायचं. सरकारी माहितीच हवी असेल तर शब्दांपुढे इंग्रजीत 'साइट', त्याला चिकटून दोन टिंबं आणि लगेच 'जीओव्ही डॉट इन' असं लिहायचं. मग सरकारी संकेतस्थळांवरचीच पानं येतात. यादीत सर्वांत वर 'प्रायोजित' लिहिलेलं असेल तर ती जाहिरात असते, पहिला नंबर मिळवलेलं उत्तर नव्हे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मुलांकडे इथे एक जास्तीचं हत्यार आहे. इंदूरच्या, बडोद्याच्या, बेळगावच्या, हैदराबादच्या मराठी घरातलं मूल तीन-तीन, चार-चार भाषा वाचतं. तोच प्रश्न मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत शोधायला सांगा. उत्तरं जुळतात का ते पाहा. मराठीत पाहायचं तर मराठी विश्वकोशाचे वीसही खंड नेटवर मोफत आहेत. विकिपीडिया वापरायला बंदी घालू नका, तळाशी दिलेल्या संदर्भांवर जायला शिकवा. विकिपीडिया हे रेल्वे स्टेशन समजा. तिथून गाडी पकडायची, मुक्काम करायचा नाही.

आणि कधी कधी मूळ ठिकाणीच मतभेद सापडतात. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं जन्मवर्ष शोधून पाहा. कुठे १८२८ दिसेल, कुठे १८३५. मुलं विचारतील, 'मग बरोबर कोणतं?' त्यांना म्हणा, 'कोण काय म्हणतो आणि कशाच्या आधारावर, ते दोन रकान्यांत लिहा.' याच निमित्तानं त्यांना कळेल की १८५७ च्या धामधुमीत झाशीत प्रत्यक्ष असलेल्या गोडसे भटजींनी आपला प्रवास मराठीत लिहून ठेवला आणि तो १९०७ मध्ये छापला गेला. डोळ्यांनी पाहणाऱ्याचं लेखन आणि दीडशे वर्षांनी लिहिलेला लेख यांत फरक असतो, हे कळणं हाच इतिहासाचा मोठा धडा.

आता चॅटजीपीटी, जेमिनी यांच्याविषयी. मुलं ती वापरणारच. ही साधनं अतिशय सफाईदार भाषेत उत्तर देतात, पण ती वाक्यं जुळवण्यात पटाईत आहेत, साक्ष देण्यात नाहीत. कधी कधी जगात नसलेल्या पुस्तकाचं नावही संदर्भ म्हणून देतात. वर्गाचा नियम साधा ठेवा : चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, पण वहीत 'चॅटबॉटनं सांगितलं' हे मूळ म्हणून चालणार नाही. त्यानं सांगितलेली गोष्ट दुसरीकडे स्वतः पाहिली की मगच लिहायची.

एक पडदा, चाळीस मुलं

प्रत्येक मुलाच्या हाती संगणक हवा असं मुळीच नाही. एक पडदा पुरतो. चाळीस मिनिटांची आखणी अशी करा. पहिली पाच मिनिटं प्रश्न फळ्यावर, आणि प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहायचा. पुढची दहा मिनिटं नुसतं निरीक्षण : काय दिसतं, काय दिसत नाही. पंधरा मिनिटं शोध. यात एक मूल टाइप करेल, पण कोणता शब्द टाकायचा आणि कोणतं पान उघडायचं ते वर्ग ठरवेल, तेही कारण सांगून. शेवटची दहा मिनिटं स्वतःच्या शब्दांत लिहिणं. नेटचा भरवसा नसेल तर पानांचे स्क्रीनशॉट आदल्या दिवशीच जमवून ठेवा. मुलांच्या नावानं कुठेही खातं उघडू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं १८ वर्षांखालच्यांना मूल मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. काम शाळेच्या यंत्रावर, शिक्षकांच्या नजरेसमोर चालू दे.

वहीत चार रकाने आखा : प्रश्न काय, कुठे सापडलं, ते कोण आणि कधी म्हणालं, दुजोरा कुठे मिळाला. आणि गुण देताना निम्मे गुण उत्तराला आणि निम्मे या रकान्यांना द्या. हे फार महत्त्वाचं आहे. नुसत्या उत्तराला गुण दिले तर मुलं उत्तर उतरवूनच आणतील, कारण ते शहाणपणाचं आहे. वाटेला गुण मिळाले तर ती वाट चालतील. ज्या मुलानं प्रामाणिकपणे लिहिलं की 'तीन ठिकाणी पाहिलं, पण दुजोरा मिळाला नाही', त्याला पूर्ण गुण द्यायला कचरू नका. राईनपाड्यात त्या दिवशी एवढं एक वाक्य मोठ्यानं म्हणणारा कुणी हवा होता.

घरच्या मंडळींसाठीही एक काम आहे. या आठवड्यात ग्रुपवर आलेलं कुठलंही एक चित्र निवडा आणि नातवंडाला म्हणा, 'याचं मूळ गाव शोधून दे बघू.' सोबत बसा. फोन तुमचा, शोध त्याचा. सापडलं तर ग्रुपवर ते मूळही टाका, पण आधी पाठवणाऱ्याला चिडवू नका. चिडवलं तर तो पुढच्या वेळी आपली चूक लपवेल.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.